टूर्निकेट

टूर्निकेट म्हणजे हातापायाला झालेल्या जखमेतून प्राणघातक रक्तस्राव होत असेल, तर तो थांबवण्यासाठी जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, आवळून बसवायचा पट्टा. पट्ट्याच्या दाबाने धमनी चेपली जाते आणि जखमेकडे जाणारे रक्त बंद होते. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असते. मांडीतली मुख्य धमनी तुटली तर काही मिनिटांतच माणूस दगावू शकतो, आणि तेवढ्या वेळात रुग्णवाहिका क्वचितच पोहोचते. म्हणून पट्टा कसा बांधायचा हे जवळ असलेल्या माणसाला आलेच पाहिजे.

बहुतेक जखमांना टूर्निकेट लागत नाही. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरले की रक्त थांबते. रक्त उसळ्या मारत येत असेल, जमिनीवर साचत असेल, दाबूनही कापड भिजून निथळत असेल किंवा हातपाय तुटला असेल, तेव्हा मात्र वाट पाहू नये. पट्टा जखमेपासून 5 ते 7 सेंटिमीटर वर, शक्यतो उघड्या त्वचेवर बांधतात. कोपर किंवा गुडघ्यावर तो बांधत नाहीत. जखम नेमकी कुठे आहे ते कपड्यांमुळे दिसत नसेल, तर दंडाच्या किंवा मांडीच्या जमेल तितक्या वरच्या भागात कपड्यावरूनच बांधतात. आधी पट्टा हाताने ओढून सगळी ढील काढायची, मग त्यावरची दांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची आणि खोबणीत अडकवायची. बांधल्याची वेळ पट्ट्यावर किंवा रुग्णाच्या कपाळावर लिहितात.

अर्धवट आवळणे ही यातली सर्वांत घातक चूक. शिरा कमी दाबाने बंद होतात, धमनीला जास्त दाब लागतो. पट्टा ढिला राहिला तर धमनीतून रक्त येत राहते, शिरांतून परतीची वाट बंद होते आणि रक्तस्राव उलट वाढतो. नीट आवळलेला पट्टा फार दुखतो. शुद्धीवर असलेला रुग्ण ओरडतो, सोडा म्हणून विनवतो. त्याला धीर द्यावा, पण पट्टा सैल करू नये. एकाने भागले नाही तर दुसरा पट्टा त्याच्या लगत वर बांधतात. तयार पट्टा नसेल तर रुंद कापड आणि पिळायला बळकट काठी चालते. तार किंवा बारीक दोरी त्वचेत रुतून ऊती कापते, आणि नुसत्या कमरेच्या पट्ट्याने पुरेसा दाब बहुधा येतच नाही.

इतिहास लढायांतला आहे. फ्रेंच शल्यविशारद मोरेल याने 1674 मध्ये बझांसाँ शहराच्या वेढ्यात काठीने पीळ देण्याची युक्ती वापरली असे मानले जाते. 1718 मध्ये फ्रेंच शल्यविशारद झां-लुई पेती याने स्क्रूने आवळायचे साधन केले. पुढे दोन्ही महायुद्धांत पट्टा तासन्‌तास तसाच राहिल्याने अवयव गमावल्याच्या अनुभवांमुळे हे साधन बदनाम झाले, आणि ‘शेवटचा उपाय’ हा शिक्का त्याला कित्येक दशके चिकटून राहिला. त्या भीतीची किंमत मोठी होती: केवळ हातापायातून रक्त वाहून गेल्याने, वाचवता आले असते असे सैनिक मेले. बगदादमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या अभ्यासाने (2009 मध्ये प्रसिद्ध) चित्र पालटले. शॉक (रक्त कमी पडून रक्तदाब कोसळणे) येण्याआधी पट्टा बांधलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के जगले. शॉकनंतर बांधलेल्यांपैकी सुमारे 10 टक्के. केवळ पट्ट्यामुळे अवयव गमावल्याचे एकही उदाहरण त्यात आढळले नाही. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर नागरिकांना शिकवण्यावर भर आला आणि 2015 मध्ये अमेरिकेत ‘स्टॉप द ब्लीड’ मोहीम सुरू झाली.

साधारण 2 तासांपर्यंत पट्टा सुरक्षित मानतात. त्यापुढे स्नायू आणि मज्जातंतूंच्या इजेचा धोका वाढत जातो, 6 तासांनंतर तो फार मोठा असतो. इतका वेळ बांधलेला पट्टा एकदम सोडला तर मृत स्नायूंतले पोटॅशियम आणि आम्ल रक्तात मिसळून हृदय बंद पडू शकते, म्हणून तो रुग्णालयातच, शस्त्रक्रियेची तयारी ठेवून काढतात. मान, काख आणि जांघेच्या जखमांवर टूर्निकेट बसत नाही. तिथे गॉज (जाळीदार सुती कापड) जखमेत खोलवर ठासून भरतात आणि वरून दाब देतात. सर्पदंशात त्याचा वापर करू नये.