बांध उंच केला, पण मानस उघडणार कधी?

‘गोवा पाण्याखाली जाणार’ असे सांगणारे लाल नकाशे अधूनमधून मोबाइलवर फिरतात. दिवाडी, चोडण ही बेटे आणि मांडवीकाठचा सखल भाग त्यांत हमखास लाल असतो. पण त्यातली बरीचशी खाजन जमीन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेली जमीन आहे आणि ती आजही मोठ्या भरतीच्या पातळीखालीच आहे! शतकानुशतके बांधांनी ती राखली. नुसती उंची पाहणाऱ्या नकाशाला बांध दिसत नाहीत. तेव्हा असल्या नकाशांनी घाबरू नये. आणि परशुरामाने एकदा समुद्र हटवला म्हणून तो आता येणार नाही, या समजुतीवरही राहू नये.

खरी मेख आहे मानशीत. मानस म्हणजे बांधातले दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबते, दार मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतले पाणीच दार ढकलून नदीत जाते. वीज नको, मोटर नको. किती सुंदर रचना! मात्र पावसाचे सगळे पाणी तेवढ्याच वेळात निघायला हवे.

थोडे गणित करू. भरती-ओहोटीतला फरक २ मीटर, एक फेरा सुमारे १२.४ तासांचा आणि आतले पाणी समुद्राच्या आजच्या सरासरी पातळीपेक्षा ५० सेंटीमीटर खाली ठेवायचे, असे धरा. भरती-ओहोटीचा आलेख साधारण साइन वक्रासारखा असतो. त्यावरून दर फेऱ्यात दार सुमारे ४ तास उघडे राहील. समुद्र ३० सेंटीमीटर चढला की अडीच तास. ५० सेंटीमीटर चढला की शून्य! वक्र तळाशी सपाट होत जातो, म्हणून शेवटचे काही सेंटीमीटर सर्वांत महाग पडतात. शिवाय पातळीतला फरक घटल्याने उघड्या दारातूनही पाणी संथ वाहते.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे २००६ ते २०१८ या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली, आणि हा वेग वाढतोच आहे.

म्हणून नुसता बांध उंच करून भागणार नाही. समुद्र बाहेर अडेल, पाऊस आत तुंबेल. बांधातली खेकड्यांची बिळे बुजवणे, बाहेरच्या अंगाला खारफुटी राखणे, कोरगुटसारखे खारेपण सोसणारे भात टिकवणे, हे हवेच. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पोंय, म्हणजे खाजनातला आतला ओहोळ. दार बंद असताना पावसाचे पाणी तिथेच थांबते. ती गाळाने भरू देऊ नये, तिच्यावर भराव तर मुळीच घालू देऊ नये, आणि मानशीची दारे आताच वाढवावीत. पुढे पंप लागतीलच. पोंय रुंद राहिली तर ते उशिरा लागतील आणि लहान पुरतील.