ऑफसाइड (इराणी चित्रपट)

जाफर पनाही यांनी दिग्दर्शित केलेला २००६ सालचा चित्रपट. मुलांचा वेश करून फुटबॉल सामना पाहायला निघालेल्या आणि आत शिरताना पकडल्या गेलेल्या मुलींची ही कथा आहे. १९७९च्या क्रांतीनंतर इराणमध्ये पुरुषांचे सामने स्टेडियममध्ये जाऊन पाहण्यास स्त्रियांना मज्जाव झाला. पनाहींच्या मुलीलाही फाटकावर अडवले गेले होते. चित्रपटाचे बीज त्या प्रसंगात आहे.

८ जून २००५ रोजी तेहरानच्या आझादी स्टेडियमवर इराण आणि बहारीन यांच्यात विश्वचषक पात्रता सामना झाला. इराणने तो १-० असा जिंकला. चित्रीकरणाचा काही भाग त्या सामन्याच्या दिवशी तिथेच झाला आणि भूमिका प्रामुख्याने अव्यावसायिक कलाकारांनी केल्या. प्रत्यक्ष खेळ मात्र पडद्यावर जवळजवळ दिसत नाही. लोखंडी कठड्यांच्या आड उभ्या असलेल्या मुलींपर्यंत गर्दीचा आवाज तेवढा पोहोचतो. एक शिपाई डोकावून पाहत त्यांना समालोचन ऐकवतो आणि त्याला खेळ नीट कळत नाही म्हणून मुली वैतागतात. सर्वांत जाणकार प्रेक्षक कठड्याआड आहेत, हे एवढ्यावरूनच कळते.

या मुलींना नावे दिलेली नाहीत, तरीही त्या एकसारख्या वाटत नाहीत. एक सिगारेट ओढणारी, बेधडक बोलणारी. एक स्वतः फुटबॉल खेळणारी. एक थेट लष्करी गणवेशात आलेली. एकीला स्वच्छतागृहात नेताना तिचा चेहरा झाकायला एका फुटबॉलपटूच्या चित्राचा मुखवटा करतात. इराण–जपान सामन्यावेळी जपानी स्त्रियांना याच स्टेडियममध्ये कसे बसू दिले, असा प्रश्न एक मुलगी विचारते. त्यांना आपल्याकडच्या शिव्या कळत नाहीत, असे शिपायाचे उत्तर. मग इराणमध्ये जन्मले हाच माझा गुन्हा का, हा तिचा पुढचा प्रश्न त्याला निरुत्तर करतो.

पहारेकऱ्यांकडेही पनाही तितक्याच आस्थेने पाहतात, आणि हे या चित्रपटाचे मोठेपण आहे. ते सक्तीच्या लष्करी सेवेतले तरुण आहेत. त्यांच्यात तबरीझ शहराकडचा अझेरी (तुर्कीशी नाते असलेली भाषा बोलणारा) आहे, मशहद शहरातलाही आहे. गावाकडच्या गुरांची काळजी एकाला पोखरते आहे. बंदी त्यांनी घातलेली नाही, पण ती राबवण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले आहे. प्रतिनिधित्वाची मर्यादाही इथेच दिसते. प्रांतांची, बोलींची विविधता पुरुषांच्या वाट्याला आली आहे. मुली प्रामुख्याने राजधानीतल्या आहेत. तबरीझ किंवा अहवाझच्या फुटबॉलवेड्या मुलीला त्यांच्यात जागा मिळायला हवी होती.

मार्च २००५मधील इराण–जपान सामन्यानंतर आझादी स्टेडियमवर चेंगराचेंगरीत सात जण मृत्युमुखी पडले. शेवटच्या प्रसंगात एक मुलगी त्यात गेलेल्या मित्राची आठवण काढते आणि पकडलेल्या मुलींना घेऊन निघालेल्या गाडीत फुलबाज्या पेटतात. चाहत्यांच्या जल्लोषातच त्यांचे दुःख मिसळलेले या प्रसंगात दिसते.

चित्रपटाला २००६च्या बर्लिन महोत्सवात ज्यूरींचा रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला; इराणमध्ये मात्र प्रदर्शनावर बंदी आली. पुढे स्टेडियमबाहेर निदर्शने करणाऱ्या तरुणींनी आम्हाला ऑफसाइड (फुटबॉलमध्ये नियमबाह्य ठरणाऱ्या जागी) राहायचे नाही, असे फलक धरले. सप्टेंबर २०१९मध्ये सहर खोदायारी हिचा मृत्यू झाला. पुरुषवेशात सामन्याला गेल्याबद्दल खटला सुरू असताना तिने स्वतःला पेटवून घेतले होते. त्यानंतर जगभरातून आणि फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेकडून दबाव वाढला. १० ऑक्टोबर २०१९ रोजी कंबोडियाविरुद्धच्या सामन्यात स्त्रियांना वेगळ्या, कुंपण घातलेल्या भागात बसू देण्यात आले. मार्च २०२२मध्ये मशहदला लेबनॉनविरुद्धच्या सामन्याची तिकिटे हातात असलेल्या स्त्रियांना पुन्हा बाहेर रोखले गेले आणि त्यांच्यावर मिरीचा फवारा मारण्यात आला.