नाळेच्या रोहिणीतली फॅटी ॲसिड्स : टक्का की मिलिग्रॅम?

नाळेच्या रोहिणीकडे लक्ष वळलं ते 1976 मध्ये प्रोस्टासायक्लिनचा शोध लागल्यानंतर. रक्तवाहिनी सैल ठेवणारा हा रेणू तिच्या भिंतीतच ॲराकिडॉनिक ॲसिड या फॅटी ॲसिडपासून बनतो, आणि प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा आजार) नाळेच्या वाहिन्यांमध्ये तो कमी तयार होतो, असं लवकरच दिसून आलं. मग कच्चा मालच अपुरा पडतो का, हा प्रश्न ओघानं आला. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनच्या चाचण्याही प्रोस्टासायक्लिनच्या याच धाग्यावर उभ्या राहिल्या.

त्याच सुमारास युरोपात नाळेच्या वाहिन्यांवरून बाळाचं पोषण जोखायला सुरुवात झाली. नीला वारेकडून बाळाकडे रक्त आणते, दोन रोहिण्या ते परत नेतात. रोहिणीची भिंत बाळाकडून परतणाऱ्या रक्तावरच पोसली जाते. आवश्यक फॅटी ॲसिडांची तूट दाखवणारं मीड ॲसिड नीलेपेक्षा रोहिणीत जास्त निघालं, ते त्यामुळेच.

मोजण्याची रीत जुनीच: चरबी काढायला 1957 पासून चालत आलेलं दोनास एक क्लोरोफॉर्म-मिथेनॉल, एक पंचमांश आकारमानाच्या सलाइननं धुणं, मिथाइल एस्टर करणं (मिथेनॉलिक हायड्रोक्लोरिक ॲसिड, 80 अंशांवर 2 तास), मग गॅस क्रोमॅटोग्राफी (एकेक फॅटी ॲसिड सुटं करून मोजण्याचं तंत्र). घोळ होतो तो त्याआधी. पोकळीत रक्त राहिलं, तर लाल पेशींतलं ॲराकिडॉनिक भिंतीच्या खात्यात जमा होतं. डीएचए (माशांतून मिळणारं ओमेगा-3 फॅटी ॲसिड) हवेत पटकन ऑक्सिडाइज होतं, म्हणून द्रावणात ते रोखणारं 0.01 टक्के बीएचटी आणि साठवण उणे 80 अंशांवर. प्लास्टिकची नळी वापरली की तिच्यातल्या थॅलेटची आगंतुक शिखरं आलेखात येतात. टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाची काचेची नळीच हवी.

खरा वाद निकाल कसा मांडायचा याचा आहे. बहुतेक निबंध एकूण फॅटी ॲसिडांतला टक्का देतात. ते सोयीचं आहे: ऊतीचं वजन नको, इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी मोजून घातलेलं ॲसिड) नको, काढताना थोडं सांडलं तरी बिघडत नाही. पण समजा, ग्रॅमभर भिंतीत एकूण 4 मिलिग्रॅम फॅटी ॲसिड्स आणि त्यांत 0.6 ॲराकिडॉनिक आहे. म्हणजे 15 टक्के. आजारात एकूण 3 वर आलं आणि ॲराकिडॉनिक तेवढंच राहिलं, की आकडा 20 टक्के होतो. पेशीत काहीही वाढलेलं नसताना ‘वाढ’ छापली जाते. उलटसुलट निष्कर्षांतला बराच भाग असा छेदातून, म्हणजे ज्यानं भागतो त्या आकड्यातून, आलेला असावा.

मिलिग्रॅमवाल्यांनाही मोकळं रान नाही. रोहिणीला चिकटलेली व्हार्टन जेली म्हणजे मुख्यतः पाणी आणि हायलुरॉनिक ॲसिड. ती नीट सोलली नाही की ओलं वजन फुगतं आणि सगळेच आकडे खाली येतात. प्रथिनाच्या किंवा डीएनएच्या प्रमाणात मांडलं तर हे टळतं, पण आजारात भिंतीतलं कोलॅजनच बदलत असेल तर प्रथिनाचा छेदही डळमळतो. इंटर्नल स्टँडर्ड म्हणून 17 कार्बनचं ॲसिड सर्रास घालतात. ते दुधा-तुपाच्या चरबीत थोडं असतंच, तेव्हा दूधदुभतं खाणाऱ्या बायकांमध्ये 19 किंवा 21 कार्बनचं बरं. दोन्ही आकडे शेजारी छापायला हरकत काय, हे मात्र कळत नाही.

पुण्यात 2000 नंतरच्या काळात या विषयावर जोमानं काम झालं, पण भर वार आणि रक्तावर राहिला. प्रीएक्लॅम्प्सियात वारेतलं डीएचए कमी असल्याचं इथल्या निबंधांत आलं. इथल्या जेवणात तेलांमधून लिनोलेइक (ज्यापासून ॲराकिडॉनिक बनतं) भरपूर आणि मासे बेताचे. जवसाच्या चटणीतून अल्फा-लिनोलेनिक मिळतं, त्याचं डीएचए शरीरात फारच थोडं होतं. परदेशातल्या रोहिणीचे आकडे उचलून इथे लावता येत नाहीत ते यामुळे.

2013 मध्ये अमेरिकेत प्रीएक्लॅम्प्सियाच्या निदानासाठी लघवीतल्या प्रथिनाची अट सैल झाली आणि अभ्यासांतले जुने-नवे रुग्णगट तंतोतंत जुळेनासे झाले. त्याहून मोठी अडचण गरोदरपणाच्या दिवसांची. बाळात डीएचए मुख्यतः शेवटच्या तिमाहीत साठतं. प्रीएक्लॅम्प्सियात बाळंतपण अनेकदा 37 आठवड्यांआधी उरकावं लागतं. तेव्हा पूर्ण दिवसांच्या नाळेशी तुलना केली की आजार आणि अपुरे दिवस एकमेकांत मिसळतात. तेवढ्याच दिवसांची दुसरी नाळ घ्यावी, तर लवकर झालेल्या त्या बाळंतपणामागे पुष्कळदा जंतुसंसर्ग असतो, आणि संसर्गात ॲराकिडॉनिकचा खप वेगळाच चालतो.