फ्रेट क्लास: अमेरिकेत सुटा माल ट्रकने पाठवताना मापं कुठे चुकतात

अमेरिकेत ट्रक पूर्ण भरत नसेल तर माल एलटीएलने (लेस दॅन ट्रकलोड, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच ट्रकमध्ये) जातो आणि भाडं बरंचसं फ्रेट क्लासवर, म्हणजे मालाच्या ठरवून दिलेल्या श्रेणीवर, ठरतं. ५० ते ५०० असे १८ क्लास आहेत. माल जितका हलका आणि फुगीर, तितका क्लास वरचा आणि भाडं जास्त. न्यू जर्सीहून चिवड्या-कुरमुऱ्यांचे खोके पाठवणारे इथेच अडकतात.

गणित सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणून १७२८ ने भागायचं, की घनफूट मिळतात. पौंडांतल्या वजनाला घनफुटांनी भागलं की घनता. १९ जुलै २०२५ पासून बऱ्याच मालाला १३ टप्प्यांचा तक्ता लागतो: घनता ६ ते ८ असेल तर क्लास १२५, ८ ते १० ला १००, १० ते १२ ला ९२.५. जुन्या तक्त्यात ३० आणि त्यावरच्या घनतेचं सगळं क्लास ६० मध्ये जायचं. आता घनता ३५ पासून क्लास ५५ आणि घनता ५० पासून क्लास ५०, म्हणून जड माल पाठवणाऱ्यांनी जुना तक्ता फेकून द्यावा.

चूक होते ती मापात. ४८ बाय ४० इंचांचं पॅलेट (माल रचायची लाकडी चौकट), त्यावर ४६ इंच माल, एकूण वजन ५६० पौंड. नुसत्या मालाची उंची धरली तर घनता १०.९६, क्लास ९२.५. पण पॅलेटची सहा इंच उंचीही मोजतात. ५२ इंचांना घनता ९.६९ येते, क्लास १००. ९.६९ म्हणजे 'जवळपास दहा' असं चालत नाही. त्यात खोके चारही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर आले तर ८.१३, आणि उंची आणखी एक इंच वाढली की ७.९८, म्हणजे थेट १२५. माप नेहमी सर्वांत बाहेर आलेल्या टोकापर्यंत घ्यायचं.

बिल ऑफ लेडिंगवर (मालासोबत जाणाऱ्या वाहतुकीच्या कागदावर) मालाचं नेमकं वर्णन, एनएमएफसी (मालाच्या वर्गीकरणाची राष्ट्रीय यादी) आयटम नंबर आणि उपक्रमांक, पॅकिंगचा प्रकार, वजन आणि मापं लिहा. आयटम नंबर ट्रक कंपनीकडून किंवा ब्रोकरकडून विचारून घ्या, कारण सगळ्याच मालाचा क्लास घनतेवर ठरत नाही. हाताळणी, रचणं आणि नुकसानीचा धोकाही बघतात. नुसतं 'किराणा माल' लिहिलंत तर तपासणीला आपणहून बोलावलंत म्हणून समजा.

वजनकाट्याची पावती बहुतेकांकडे नसतेच. अंदाजे वजन टाकतात, मग कंपनी टर्मिनलवर पुन्हा वजन-माप करून वाढीव बिल पाठवते, कारण सांगायला एक ओळ. तेव्हा तपासणी अहवाल मागा. माल निघण्याआधी टेप लावून काढलेले फोटो आणि काट्याची पावती सोबत जोडा. हरकतीची कायदेशीर मुदत १८० दिवस आहे, पण ती बिल हातात आल्यापासून मोजतात, माल पोचल्यापासून नाही. वाढीव बिल काढायलाही कंपनीला मूळ बिल तुम्हाला मिळाल्यापासून १८० दिवसच असतात. त्यानंतर आलं तर पैसे भरण्याआधी तारखा ताडून बघा.