गोळीच्या आधीची सुई

ताठरतेच्या तक्रारीवरचा इलाज म्हटलं की निळी गोळीच आठवते. तिच्यातल्या सिल्डेनाफिल या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली २७ मार्च १९९८ रोजी. पण दोष नेमका कुठे आहे, हे त्याआधी पंधरा-सोळा वर्षं एका बारीक सुईने दाखवून दिलं होतं.

तोवर दोष ग्रंथींच्या माथी मारला जाई, नाहीतर मनाच्या. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ माकडाच्या वृषणाचे काप माणसात बसवत होते. १९३५ साली टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वेगळं काढता आलं, बनवताही आलं, आणि मग तेच इलाज म्हणून दिलं जाऊ लागलं. सकाळच्या रक्ताच्या दोन वेगवेगळ्या तपासण्यांत ते खरोखर कमी निघालं तरच त्याचा उपयोग. पातळी ठीक असताना घेतलं तर ताठरतेत फरक पडत नाही, शुक्रजंतू मात्र घटतात. पुढे मानसोपचाराचा जोर आला आणि ज्याच्या रक्तवाहिन्या मधुमेहाने खराब झाल्या आहेत अशालाही ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकावं लागलं. हा त्या रुग्णांवर अन्यायच होता.

१९८२ साली पॅरिसचे शल्यचिकित्सक रोनाल्ड व्हिराग यांनी पॅपाव्हरीन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध थेट लिंगात टोचल्यावर ताठरता येते, असं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी स्वतःला इंजेक्शन घेऊन त्याचा परिणाम भर सभागृहात दाखवला. कामेच्छेचा विचारही मनात नसताना ताठरता आली होती. म्हणजे खेळ स्नायूंचा आणि रक्ताचा होता. लिंगात स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. त्यांतले मऊ स्नायू सैल पडले की धमन्यांतून रक्त भरतं आणि फुगलेला स्पंज बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतो. रक्त आत आलं नाही, किंवा आलेलं टिकलं नाही, की ताठरता नाही.

ही सुई आजही वापरात आहे, आता बहुधा अल्प्रोस्टॅडिल या तशाच रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाची. इन्सुलिनच्या सुईइतकी बारीक सुई लिंगाच्या बाजूने, घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या आकड्याच्या जागी, दिसणारी शीर टाळून टोचतात. वर आणि खाली टोचायचं नाही. वर नसा आहेत, खाली मूत्रनलिका. नंतर पाच मिनिटं बोटाने दाबून धरायचं. पहिला डोस दवाखान्यातच ठरवतात, कारण जास्त झाला तर ताठरता उतरत नाही. चार तास उलटले तर तडक इस्पितळ गाठावं. आत अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो, स्पंज कायमचा खराब होतो.

सिल्डेनाफिल निघालं ते इंग्लंडमध्ये सँडविचच्या प्रयोगशाळेत, छातीतल्या कळेसाठी. कळेवर ते फारसं चाललं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. कामोत्तेजना झाली की मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यातून सीजीएमपी हे रसायन तयार होतं आणि स्नायू सैल पडतात. पीडीई-५ हे विकर (एन्झाइम) ते सीजीएमपी मोडतं. गोळी त्या विकराला अडवते. म्हणून उत्तेजनेशिवाय गोळी काही करत नाही. ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणणाऱ्या अनेकांनी ती भरपेट तुपकट जेवणावर घेतलेली असते (मग असर सुमारे तासभर लांबतो), किंवा एकदाच घेऊन सोडून दिलेली असते. योग्य डोसवर सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्याशिवाय निकाल लावू नये. टाडालाफिल या त्याच जातीच्या गोळीला जेवणाची अडचण नाही आणि त्याचा असर ३६ तासांपर्यंत राहतो.

एक बंधन मात्र जिवाचं आहे. छातीतल्या कळेसाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने, किंवा त्या जातीचं कुठलंही नायट्रेट औषध घेणाऱ्याने, या गोळ्या घेऊ नयेत. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. छातीत दुखून इस्पितळात गेलात तर गोळी घेतल्याचं लाजेपोटी लपवू नका.

भारतात १९७०च्या कायद्याने औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळे. त्यामुळे मूळ गोळी अधिकृतपणे येण्याआधीच देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या दुकानांत आल्या. त्याची वाईट बाजू म्हणजे ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत हेच सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं सापडतं, आणि नायट्रेट घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ‘इम्पोटन्स’ हा शब्द सोडून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणावं, अशी शिफारस केली. आपल्याकडे ‘नामर्द’ अजून गेलेला नाही. त्या शब्दाच्या धास्तीने माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायचं राहून जातं. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने त्या आधी तुंबतात. हृदयविकाराची ही सूचना काही वर्षं आधी मिळू शकते.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत नसा कापल्या गेल्या असतील तर नायट्रिक ऑक्साइड सुटतच नाही, आणि गोळीला राखायला सीजीएमपीच उरत नाही. अशा रुग्णाला सुई मात्र लागू पडते, कारण तिला त्या नसांची गरज नाही. तीही चालली नाही तर १९७३ पासून हाती असलेला फुगवता येणारा इम्प्लांट आहे: लिंगात दोन नळ्या, अंडकोशात पंप, ओटीपोटात सलाइनची पिशवी.