पंप की फोमची चकती? हवेतली चिवट प्रदूषके मोजण्याची पार्श्वभूमी

पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली रसायने), डीडीटी यांसारखी चिवट, म्हणजे सहजी न विघटणारी सेंद्रिय प्रदूषके हवेत घनमीटरमागे पिकोग्रॅमच्या (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) हिशेबात असतात. शेकडो घनमीटर हवा गाळल्याशिवाय प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही. हे काम वर्षानुवर्षे हाय-व्हॉल सॅम्पलरने, म्हणजे भरपूर हवा ओढणाऱ्या पंपाने केले. मिनिटाला २२५ लिटर ओढले की २४ तासांत ३२४ घनमीटर होतात. क्वार्ट्‌झ फिल्टरवर धूलिकण राहतात, त्याखालच्या पॉलियुरेथेन फोमच्या गुंडाळीत बाष्प.

ही वाटणी कागदावर दिसते तितकी चोख नसते. कणांवरचा काही भाग उडून फोममध्ये उतरतो, ओझोन फिल्टरवरच्या बेंझो-ए-पायरिनचा (अर्धवट ज्वलनातून निघणारे संयुग) काही भाग नष्ट करतो आणि हेक्झाक्लोरोबेंझीनसारखी हलकी संयुगे उन्हाळ्यात फोमच्या आरपार जातात. म्हणून फोमचे दोन तुकडे एकामागे एक लावून वेगवेगळे तपासायचे. मागच्यातही भरपूर सापडले, तर त्या संयुगाचा आकडा धरायचा नाही. मोटरचा झोत परत तोंडाशी येत नाही ना, हेही पाहावे लागते.

चेक प्रजासत्ताकातल्या कोशेतिसे केंद्रात अनेक वर्षांपासून, तर अमेरिका-कॅनडाच्या पंचमहासरोवरांवर १९९० पासून असे पंप चालू आहेत. पण त्यांना वीज लागते, देखभालीला माणूस लागतो. याच प्रदूषकांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभरची आकडेवारी मागितली, तेव्हा ही अडचण उघडी पडली. (भारताने करार २००६ मध्ये मंजूर केला.) त्याआधी ट्रायोलीन हे तेल भरलेल्या पॉलिथिलीनच्या चपट्या नळ्या वापरून पाहिल्या होत्या. त्या मुळात पाण्यासाठी होत्या, शिवाय नमुन्यातून तेल वेगळे काढणे किचकट.

२००२ मध्ये कॅनडातल्या शोएब आणि हार्नर यांनी पंपाशिवाय, नुसती हवेत टांगायची फोमची चकती पुढे आणली: १४ सेंमी व्यास, १.३५ सेंमी जाडी, वर-खाली स्टीलची दोन भांडी. डिसेंबर २००४ पासून जागतिक मोजणी-केंद्रांच्या जाळ्यात ती सातही खंडांवर टांगली गेली. ती दिवसाला साधारण ४ घनमीटर हवेतली प्रदूषके टिपते, म्हणजे पंपाच्या एका दिवसाला चकतीचे जवळपास तीन महिने.

खोट या ४ च्या आकड्यातच आहे. वारा वाढला की तो वाढतो. म्हणून चकती लावण्याआधी तीत हवेत न आढळणारी संयुगे ठरावीक मात्रेत घालतात. किती उडाली, यावरून त्या जागेचा खरा वेग काढतात. हलकी संयुगे तर उबदार हवेत काही आठवड्यांतच समतोल गाठतात, म्हणजे जितकी शोषली जातात तितकीच उडून जातात. पुढचे दिवस भागाकारात मोजले, तर उत्तर कमी येते.

कणांना चिकटलेल्या संयुगांबाबत चकती सगळ्यात कच्ची. भारताची २००९ ची मर्यादा बेंझो-ए-पायरिनसाठी वर्षाला सरासरी १ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तीही फक्त कणांतल्या भागासाठी. तिथे फिल्टर आणि पंपच लागतो.