रेल्वेची सपाट वाघीण हवी आहे? अर्जाआधी मालाचं माप घ्या

भारतीय रेल्वेकडे सपाट वाघीण, म्हणजे मालगाडीचा उघडा सपाट डबा (फ्लॅट वॅगन), मागायची तर अर्ज शेवटी येतो. माल कसा आहे त्यावर वाघीण ठरते आणि वाघिणीवरून अर्ज कुठे करायचा ते.

रूळ, पोलादी पत्रे, यंत्रसामग्री यांच्यासाठी बीआरएन जातीची वाघीण. पोलादी कॉइलसाठी, म्हणजे गुंडाळलेल्या पत्र्यासाठी, बीएफएनएस. कंटेनरसाठी बीएलसी, हिची चाकं लहान आणि तळ खाली, म्हणजे उंच कंटेनरही मापात बसतो. बीएलसीसाठी मालधक्क्यावर हेलपाटे घालू नका. कंटेनर गाड्या परवानाधारक ऑपरेटर चालवतात, २००६ पासून खासगीसुद्धा. कंटेनरमधली जागा त्यांच्याकडेच आरक्षित करायची.

बाकी वाघिणींसाठी मागणी मालधक्क्यावर किंवा ऑनलाइन नोंदवा, सोबत नोंदणी शुल्क भरा. ज्या स्थानकावर तुमचा माल चढवायची सोय आहे तिथूनच मागणी घेतली जाते, हे आधी विचारून घ्या. मुख्य कागद म्हणजे फॉरवर्डिंग नोट, मालाची माहिती देऊन तो पाठवायला सांगणारा अर्ज. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ६४ नुसार ती बंधनकारक आहे. मालाचं वर्णन आणि वजन खरंच लिहा. खोट्या वर्णनाला दंड आहे आणि जादा भरल्यास कलम ७३ खाली दंडात्मक आकार लागतो. माल चढला की रेल्वे पावती, म्हणजे आरआर, मिळते. ती जपा, माल त्यावरच सुटतो. जीएसटी बिल सोबत हवंच. ई-वे बिल लागू असेल तर रेल्वेच्या बाबतीत ते गाडी सुटल्यावरही काढता येतं, पण ते दाखवल्याशिवाय माल ताब्यात मिळत नाही.

खरी अडचण मोठ्या मापाच्या मालाची, म्हणजे ओडीसीची. ट्रान्सफॉर्मर किंवा बॉयलर ठरलेल्या मापाबाहेर गेला, तर नेहमीची मागणी पुरत नाही, वेगळी मंजुरी लागते. त्यासाठी माल वाघिणीवर ठेवलेल्या स्थितीतला नकाशा द्यावा लागतो: कोणत्या उंचीवर किती रुंदी, एकूण वजन, गुरुत्वमध्य, बांधणी कशी. पुष्कळ जण नुसत्या यंत्राचा नकाशा जोडतात. त्याचा उपयोग नाही, कारण बीआरएनवर मापाबाहेर जाणारं यंत्र मध्ये खोल असलेल्या वेल वाघिणीवर मापात बसू शकतं. मग रेल्वे मार्गावरचे पूल, बोगदे, फलाट तपासते आणि माल आणि त्यांच्यात उरणाऱ्या मोकळ्या जागेनुसार तो ए, बी किंवा सी वर्गात टाकते. सी वर्ग सगळ्यात कडक: गाडी दिवसाउजेडीच चालते, सोबत रेल्वेचे कर्मचारी असतात. म्हणून कारखान्यात यंत्राची जुळणी संपण्याआधीच नकाशा पाठवलेला बरा.

ट्रकसकट माल न्यायचा असेल तर कोकण रेल्वेची रो-रो सेवा आहे. १९९९ साली ती रायगडमधलं कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी सुरू झाली. भरलेला ट्रक सरळ सपाट वाघिणीवर चढतो, चालक त्यासोबतच जातो. त्याआधी ट्रकची उंची आणि वजन तपासतात.

कोणतीही वाघीण असो, क्रेन आणि मजूर ती लागण्याआधी हजर ठेवा. ठरलेला मोफत वेळ संपला की डिमरेज, म्हणजे वाघीण अडकवून ठेवल्याचा आकार, सुरू होतं. उतरवलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर त्याचा आकार, म्हणजे व्हार्फेज, वेगळं.